फायटरसाठी संथ पाणी

सदर इसम नामे तानाजी शंकर जगदाळे, वय अंदाजे चौसष्ट, मूळ राहणार तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम डोंबिवली पूर्व, इमारतीचा दुसरा मजला, लिफ्ट मंजूर परंतु अस्तित्वात नाही. बांधा मध्यम, वर्ण निमगोरा, चष्मा दोन्ही डोळ्यांना. धंदा : ठाण्यास सरकारी नोकरी, आवक-जावक विभाग, नियत वयोमानानुसार निवृत्त. वर्तणूक : समाधानकारक. व्यसन : सुपारी, तीही भाजकी. शत्रू : निरंक. मित्र : वरीलप्रमाणे. कुटुंब : एक पत्नी, एक मुलगा, एक माजी सून, एक नात. सदर इसमाच्या ताब्यात एक जिवंत मासा आढळून आला.

मासा म्हणजे फायटर. दुकानदार त्याला याच नावाने विकतात. निळाभोर, अंगापेक्षा शेपटी मोठी, आणि स्वभाव असा की शेजारी दुसरा नर ठेवला तर दोघांपैकी एकच उरतो. म्हणून दुकानात प्रत्येकाची वेगळी बरणी. एवढं शूर नाव मिळालेला हा प्राणी मुळात भाताच्या खाचरातल्या साचलेल्या पाण्यात वाढणारा आहे, आणि वाहतं पाणी त्याला सोसत नाही, हे जगदाळ्यांच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. माशांशी त्यांचा संबंध बुधवारी आणि रविवारी यायचा. तो तव्यावर सुरू होऊन काट्यापाशी संपायचा.

हा मासा आणला सर्वेशने, म्हणजे मुलाने. सर्वेशचा आणि रसिकाचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. लग्नात त्यांचं कशावरच एकमत झालं नव्हतं, ते या एका बाबतीत झालं. मुलगी सान्वी आईकडे राहायची, ठाण्याला, घोडबंदर रोडच्या एका टॉवरात. वडिलांना महिन्यातले दोन शनिवार. आता जिच्या इमारतीत पोहण्याचा तलाव आणि घसरगुंड्या आहेत, अशा सात वर्षांच्या मुलीला डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवारभर रमवायचं कसं, हा प्रश्न कोर्टाने विचारात घेतला नव्हता. तो सर्वेशने कल्याणच्या एका दुकानात जाऊन सोडवला. निळा मासा, दीड फुटाची काचेची टाकी, तळाला पांढरे गोटे आणि एक फिल्टर. सान्वीने माशाचं नाव गब्बू ठेवलं आणि शनिवार सुरळीत सुरू झाले.

पुढे सर्वेशला मस्कतला नोकरी लागली आणि तो गेला. गब्बू राहिला.

पंचाईत अशी की कोर्टाच्या आदेशात ‘वडील’ हा शब्द होता, ‘आजोबा’ हा नव्हता. तानाजीरावांनी तो आदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग शेवटापासून वर वाचत गेले, तरी सापडला नाही. आवक-जावकमध्ये आयुष्य काढलेला माणूस कागदात नसलेली गोष्ट मागत नाही. त्यांनी मागितलं नाही. मागितलं सान्वीने. तिने ठाण्याच्या घरी भोकाड पसरलं की गब्बूला कोण बघणार, आणि शेवटी रसिकाने फोन केला. “ठीक आहे. तो मासा आहे तोवर विनीत तिला सोडत जाईल. पुढचं पुढे बघू.”

विनीत हा रसिकाचा भाऊ. तो गेटपाशी गाडी थांबवायचा, हॉर्न द्यायचा, मुलगी उतरली की निघून जायचा. संध्याकाळी पुन्हा हॉर्न. वर यायचा नाही. शीळफाट्याच्या वाहतुकीत अडकला असेल तर तेवढा एक मेसेज करायचा.

तर व्यवस्था ही अशी होती : मासा जिवंत असेल तोपर्यंत नात येणार. तानाजीराव रोज सकाळी उठून तोंड धुण्याआधी टाकीपाशी जाऊन बघत, ते काही मत्स्यप्रेमातून नव्हे.

टाकी हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी ठेवलेली. फिल्टर म्हणजे एका बाजूच्या काचेला रबरी चकत्यांनी चिकटलेलं काळं नळकांडं; खालून पाणी ओढायचं आणि वरच्या नळीतून पिचकारीसारखं सोडायचं. तो सर्वेशने मोठ्या टाकीच्या मापाचा घेतला होता. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात, त्याच हिशेबाने. ‘पुढे मोठी टाकी घेऊ’ म्हणाला होता. त्या पिचकारीच्या तोंडी हा बोटभर मासा आला की टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकला जायचा, तिथून गोल फिरून पुन्हा यायचा, पुन्हा फेकला जायचा. शेपटी वाऱ्यावरच्या लुगड्यासारखी उडायची. बघणाऱ्याला मोठं प्रेक्षणीय वाटायचं.

“खेळकर आहे हो,” शीलाताई म्हणायच्या. शीलाताई म्हणजे तानाजीरावांच्या पत्नी. “दिवसभर नुसता गरागरा.”

सोसायटीची वर्गणी घ्यायला आम्ही शेजारी कोणी गेलो की आम्हीही कौतुक करायचो. “जगदाळे, निवृत्तीनंतर असं असावं बघा. सारखं कार्यरत.” तानाजीराव हसायचे. चार लोक घरात येऊन काही चांगलं बोलतायत, याचं त्यांना बरं वाटत असावं.

मासा खेळत नाहीये हे पहिल्यांदा सान्वीने सांगितलं. स्टुलावर बसून, काचेला नाक लावून.

“आबा, तो दमलाय.”

“खेळतोय गं तो.”

“नाही. आमच्या पूलमध्ये एका साइडला जेट असतो. तिथे गेलं ना की मी पण अशीच करते. मला वर यायचं असतं आणि येताच येत नाही.” मग तिने बोट टेकवलं. “आणि हे बघा, शेपटी फाटलीये.”

शेपटीच्या कडा खरंच झिजलेल्या होत्या, जुन्या पायपुसण्यासारख्या. तानाजीरावांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून पाहिलं.

“आबा, गब्बू मेला ना, की मग इथे यायची गरज नाही.”

“कोण म्हणालं?”

“मम्मा. म्हणजे ओरडून नाही म्हणाली. अशीच म्हणाली.”

स्वयंपाकघरातून शीलाताईंचा आवाज आला, “काय म्हणाली गं तुझी मम्मा?” सान्वीला घरातल्या हवामानाची जाण चांगली होती. ती म्हणाली, “काही नाही आजी, भूक लागली.”

सोमवारपासून तानाजीरावांनी प्रकरण हाती घेतलं. त्यांची एक पद्धत होती आणि ती नोकरीतून आलेली होती : आधी पत्र, मग स्मरणपत्र, मग प्रत्यक्ष. त्यांनी मस्कतला व्हॉट्सॲप केलं. ‘चि. सर्वेश यास अनेक आशीर्वाद. टाकीतील पाण्याचा जोर माशास सोसत नाही असे दिसते. तरी याबाबत काय करावे ते कळवावे.’ उत्तरादाखल एक अंगठा आला. त्यांनी तो उताणा-पालथा करून पाहिला, पण त्यातून काही निष्पन्न होईना. स्मरणपत्राला उत्तर आलं, ‘बाबा यूट्यूबवर बघा ना.’

यूट्यूबवर एक दाढीवाला गोरा निघाला. त्याच्याकडे एका दालनात पन्नासेक टाक्या होत्या आणि प्रत्येक टाकीत एकेक फायटर झाडाझुडपांत विसावलेला.

“त्याच्या माशाला आपल्या बेडरूमएवढी जागा आहे,” शीलाताई मागून म्हणाल्या.

पहिला उपाय सोपा होता. फिल्टरचा स्विच बंद. मासा त्या दिवशी टाकीच्या मधोमध असा थांबला की जणू बऱ्याच वर्षांनी घरी आला आहे. तानाजीराव खूश झाले. पण फिल्टर बंद म्हणजे घाणही जागच्या जागी. पाणी आधी धुरकट झालं, मग त्यावर तवंग धरला, मग वास.

“अहो, मोरी तुंबली का बघा जरा.”

“मोरी नाही. टाकी आहे.”

“मग टाकी तुंबली म्हणा. माणसं राहतात इथे.”

पुन्हा स्विच लावला तर फिल्टरच्या पोटात साठून कुजलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मासा कोपऱ्यात गेला आणि दोन दिवस दाण्याला शिवला नाही. त्या दोन दिवसांत तानाजीरावांचंही जेवणावर लक्ष नव्हतं. शनिवार जवळ येत होता.

दुसरा उपाय स्वतःच्या डोक्याने केला. जुन्या बनियनचा तुकडा फिल्टरच्या तोंडाला रबरबँडने बांधला. हातपंपाच्या तोंडाला फडकं बांधतात, तसं. तुकडा पाण्याने टम्म फुगला, थोडा वेळ मानाने राहिला, आणि मग असा उडाला की मासा घाबरून गोट्यांत तोंड खुपसून बसला.

“बनियन घालून झालं,” शीलाताई म्हणाल्या, “आता लेंगा शिवा त्याला.”

फिल्टरला कमी-जास्त करायचा एक खटकाही होता. तो त्यांना उशिरा सापडला. बराच वेळ नखाने खरवडून, भिंग लावून पाहिल्यावर कळलं की खटका आधीपासूनच ‘कमी’वर आहे. एवढा जोर, तोच त्याच्या लेखी कमी.

मग ते कल्याणला गेले. ज्याच्याकडून सर्वेशने हे सगळं घेतलं तो दुकानदार म्हणजे धनेश भोईर. आजोबांची भातशेती जिथे होती तिथे आता सात मजली इमारत उभी आहे, आणि तिच्या तळमजल्यावर धनेशचं माशांचं दुकान. बाकीच्या गाळ्यांचं भाडं येतं. हे दुकान हौस म्हणून. त्यामुळे गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याची त्याला कधी गरज पडली नाही.

“तुमच्या पोराला मी बोललेलो,” धनेश मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “हा मोठ्या टाकीचा आहे, नको घेऊ. तो बोलला, चालेल, पुढे बघू. आता पुढे आलं ना?”

“त्याची शेपटी फाटत चाललीय.”

“फाटणारच. काका, हा मासा एक नंबरचा आळशी. त्याला जिम लावून दिलीत तुम्ही. हा वर येऊन हवा घेतो, माहितीये? तुमचा फिल्टर त्याला वर पोचूच देत नसेल. रोज मरतोय तो.” मग त्याने कपाटातून एक लहान वस्तू काढली. “हे न्या. स्पंजचं आहे, नुसते बुडबुडे सोडतं. तो काळा टाका भंगारात.”

तानाजीरावांनी ती वस्तू हातात घेतली आणि परत ठेवली. “तो मुलाने घेतलाय.”

“मग?”

“त्याने घेतलेला आहे. चालू आहे. चालू वस्तू कशी टाकणार?”

सरकारी कामात जुनी वस्तू रीतसर बाद ठरल्याशिवाय नवी घेता येत नाही, हे धनेशला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मुलगा आखातात गेल्यावर त्याने घरात ठेवलेली एकमेव चालती वस्तू कोणी भंगारात देत नाही, हे कदाचित त्याला कळलं असेल. त्याने मोबाइल बाजूला ठेवला. “बरं. मग त्याचं तोंड मागच्या काचेकडे फिरवा. पुढे काहीतरी आडवं लावा. तोंडाला स्पंज. आणि बदामाची सुकी पानं टाका पाण्यात. ती आडोसा पण देतात. घरातला भांडी घासायचा स्पंज नका लावू, साबण असतो. मेला तर माझ्या नावाने नका रडू.”

पुढचा आठवडा तानाजीरावांनी त्या टाकीत घालवला म्हटलं तरी चालेल. फिल्टरचं तोंड मागच्या काचेवर वळवलं. पाणी काचेवर आपटून थोडं मवाळ झालं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचा मधला भाग कापून, कडा मेणबत्तीवर बोथट करून, तो नळीपुढे आडोशाला बसवला. पहिला तुकडा अरुंद झाला, दुसरा तरंगला, तिसरा टिकला. तोंडाला धनेशकडचा खरखरीत स्पंज. सोसायटीच्या आवारातल्या बदामाखालची पानं झाडूवालीने गोळा करून ठेवली होती, त्या ढिगातून चांगली वेचून, धुऊन, त्यांतली दोन टाकीत सोडली. पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

“आता दूधसाखर घाला आणि प्या दोघं,” शीलाताई म्हणाल्या.

जोर कमी झाला का हे बघायची त्यांची रीत साधी होती. खाण्याचा एक दाणा पृष्ठभागावर टाकायचा आणि बघत बसायचं. पूर्वी दाणा टाकला की धूम पळायचा. मग रमतगमत जाऊ लागला. शेवटी शेवटी तो टाकला तिथेच, काय करावं याचा विचार करत असल्यासारखा राहायचा, आणि मासा सावकाश येऊन तो उचलायचा. वास नाही, तवंग नाही, फिल्टर चालू. शेपटीच्या कडेला नवी, पारदर्शक किनार फुटू लागली.

एका सकाळी कोपऱ्यात फेस दिसला. शीलाताई चहाचं गाळणं घेऊन आल्या. “साबण पडला वाटतं कुठूनतरी.”

“अगं, थांब! हात लावू नकोस. घरटं आहे ते. पाणी संथ असलं, बरं वाटायला लागलं, की नर असे बुडबुडे करून ठेवतो. पिल्लांसाठी.”

शीलाताईंनी वाकून पाहिलं. “एकटाच तर आहे.”

 गाळणं तानाजीरावांनी आपल्या हाताने स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

पुढच्या शनिवारी हॉर्न वाजला नाही, बेल वाजली. दार उघडलं तर सान्वी, आणि तिच्या मागे रसिका. घर सोडल्यापासून ती पहिल्यांदाच हे जिने चढून आली होती.

“विनीतला ताप आहे, म्हणून मीच आणलं. खालूनच जाणार होते, पण ही ऐकेना. गब्बूचं घर बघ म्हणे.”

“या… ये ना. बसा. बस.” तिला आता काय म्हणून हाक मारायची हे कुठल्याही आदेशात नव्हतं.

शीलाताई न बोलता चहा टाकायला गेल्या. भांडी मात्र बोलत होती. थोड्या वेळाने आतून प्रश्न आला, “सान्वी, मम्माला विचार, साखर किती?”

“सान्वी, आजीला सांग, बिनसाखरेचा.”

“सान्वी, मम्माला सांग, पूर्वी दोन चमचे लागायची.”

“आता नाही लागत,” रसिका परस्पर म्हणाली, आणि तो विषय संपला.

सान्वीने आईला हात धरून टाकीपाशी नेलं. “बघ मम्मा, किती स्लो पाणी! आबांनी केलं.”

रसिकाने वाकून पाहिलं. मासा पानाच्या सावलीतून बाहेर आला, वर जाऊन हवेचा घोट घेतला आणि शेपटीचा पिसारा फुलवून जागच्या जागी वळला. “हा तोच आहे? काय देखणा झालाय. काय केलंत, काका?”

पूर्वी ती त्यांना बाबा म्हणायची.

काय केलंत, असं तानाजीरावांना त्या घरात कोणी विचारल्याचं आम्हाला आठवत नाही. त्यांनाही आठवलं नसावं. ते उभे राहून सांगू लागले. तोंड मागे का वळवलं, बाटलीचा तुकडा कसा बसवला, स्पंज नळाखाली नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, पान मऊ पडलं की बदलायचं, दाण्याची चाचणी कशी घ्यायची. दाणा टाकूनही दाखवला. बोलता बोलता त्यांचा आवाज कधी नव्हे तो मोकळा झाला. “आता काही म्हणजे काही त्रास नाही. सान्वीसुद्धा करू शकेल, इतकं सोपं झालंय.”

“खरंच छान केलंत.”

“आवडला ना? मग घेऊन जा की. तुमचाच आहे.”

हे वाक्य ज्या मुलखात घडतं तिथले संकेत ठरलेले आहेत. पाहुण्याने कौतुक केलं की यजमानाने ‘घेऊन जा’ म्हणायचं. पाहुण्याने ‘छे छे, इथेच शोभतंय’ म्हणायचं. यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि वस्तू होती तिथेच राहून दोन्ही बाजूंची अब्रू वाढायची. कोरेगावकडे असे बैल देऊन झालेले आहेत, जमिनी देऊन झालेल्या आहेत. कोणी नेल्याचं ऐकिवात नाही.

“चालेल,” रसिका म्हणाली.

आतली भांडी थांबली.

रसिका या घरात सहा वर्षं नांदलेली. तिने इथे शेकडो पाहुण्यांना चहा दिलेला, शेकडो ‘घेऊन जा’ ऐकलेले. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता असं म्हणणं तिच्या बुद्धीचा अपमान होईल. तिच्या बाजूनेही बघायला हवं : महिन्यातले दोन शनिवार ठाणे ते डोंबिवली, भावाची मनधरणी, शीळफाट्याचा खोळंबा, हे सगळं एका बोटभर माशासाठी. शिवाय याच हॉलमध्ये, सान्वी लहान असताना, घरचे नोकरी सोडायला लावत होते तेव्हा तिने विचारलं होतं, “बाबा, तुम्ही तरी एकदा बोला.” तानाजीरावांनी पेपर खाली घेतला होता. “मी मध्ये पडत नाही,” म्हणाले होते, आणि पेपर पुन्हा वर घेतला होता. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या, म्हणून ठाऊक.

“म्हणजे…” तानाजीराव म्हणाले, “प्रवासात हिंदकळेल. शीळफाट्याला ते खड्डे…”

“हळू चालवते.”

“उन्हाचं पाणी तापतं गाडीत.”

“एसी आहे.”

“येय! गब्बू आमच्या घरी!” सान्वी स्टुलावरून उडी मारून म्हणाली. “मी रोज दाणा टाकणार!” यानंतर ‘मी आपलं म्हणायचं म्हणून म्हणालो’ हे सांगायची सोय राहिली नाही.

पुढचं सगळं तानाजीरावांनीच केलं. निम्मं पाणी बादलीत काढलं, मासा झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घेतला, आणि टाकी छातीशी धरून दोन मजले उतरले. मधल्या मजल्यावर टेकायला थांबले तेव्हा आमच्यापैकी एकाने विचारलं, “काय जगदाळे, मासा कुठे निघाला?” ते म्हणाले, “घरी.” टाकी मागच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. मग पुन्हा सूचना सुरू केल्या, तेव्हा रसिकाने मोबाइल काढला. “थांबा काका, व्हिडिओच घेते. म्हणजे विसरायला नको.” त्यांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली, कॅमेऱ्याकडे बघून “नमस्कार” म्हणाले, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही राहून गेलं नाही.

वर शीलाताई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या.

“इतकी वर्षं तोंडाला कुलूप होतं, तेच बरं होतं.”

“पद्धत असते अगं. आपण म्हणायचं असतं.”

“पद्धत आपल्या माणसात असते. ती आता कोण आहे आपली?” आणि मग, जरा वेळाने, तीन कप चहा मोरीत ओतून आल्यावर, “पोरीने काही खाल्लंसुद्धा नाही.”

पुढच्या ठरलेल्या शनिवारी हॉर्न वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तानाजीरावांनी फोन केला.

“अय्या काका, सांगायचंच राहिलं. तिचा शनिवारी स्केटिंगचा क्लास लागलाय. बाकी गब्बू मस्त आहे हं. तुमचा व्हिडिओ बघून ती सगळं करते.”

“पानं मऊ पडली असतील. इथे खाली बदाम आहे. मी आणून देऊ का? ठाण्याला यायचंच असतं मला अधूनमधून.”

“कशाला एवढ्या उन्हाचे येता? ऑनलाइन मिळतात ती. दहाचं पाकीट येतं.”

“बदामाची पानं?”

“हो ना. सगळं मिळतं.”

“सान्वी आहे का?”

“खाली खेळतेय. सांगते तिला तुमचा फोन आलेला.”

तिने सांगितलं असेल. न सांगण्याचं काही कारण नव्हतं. तानाजीराव त्यानंतर दर रविवारी ‘गब्बूची प्रकृती कशी आहे’ असा मेसेज करत राहिले, आणि तिकडून अंगठा येत राहिला.

एकंदरीत, सदर इसमाने आपल्या ताब्यातील मासा, टाकी, फिल्टर व अनुषंगिक साहित्य राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, सुस्थितीत व वापराच्या सूचनांसह सुपूर्द केले असून याबाबत त्याची कोणाविरुद्धही तक्रार नाही. मे महिन्यात रसिकाकडची मंडळी सुट्टीला केरळला गेली, तेव्हा नेहमीप्रमाणे घराचा मेन स्विच, आणि त्याबरोबर फिल्टर, बंद करून गेली, आणि परत आली तेव्हा मासा मेलेला होता. तानाजीराव ते सगळे दिवस डोंबिवलीत घरीच होते.